तीन मीटरचे पंख आणि तीन मीटरची घोरपड

भटक्या अल्बाट्रॉसने पंख पूर्ण पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहसा ३ मीटरच्या आसपास अंतर भरतं. काही पक्ष्यांत ते ३.५ मीटरपर्यंत जातं. आज जिवंत असलेल्या कुठल्याही पक्ष्याचे पंख याहून लांब नाहीत. कोमोडो ड्रॅगन हा सरड्या-घोरपडींच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. त्याचा मोठा नर नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत २.५ ते ३ मीटर भरतो. टेप लावली तर दोघं जवळपास एकाच मापाचे. वजनकाट्यावर मात्र चित्र पालटतं : अल्बाट्रॉस ६ ते १२ किलोचा आणि ड्रॅगनचा थोराड नर ७० किलोच्या आसपास.

असे दोन प्राणी शेजारी ठेवले की 'दोघांत भारी कोण' हा प्रश्न हमखास निघतो. मला त्यात काही राम वाटत नाही. एक दक्षिण गोलार्धाच्या थंड, वादळी समुद्रावर आयुष्य काढतो, दुसरा इंडोनेशियातल्या मोजक्या उष्ण, कोरड्या बेटांवर. त्यांची गाठ कधी पडत नाही. पण दोघांपुढची अडचण एकच आहे, आणि तिथूनच ही तुलना खरी रंगते. दोघंही मांसाहारी, दोघांचंही अन्न विखुरलेलं आणि बेभरवशाचं. आज मिळालं तर पुढचं कधी मिळेल याची खात्री नाही. या अडचणीवर अल्बाट्रॉसने असा तोडगा काढला की लांब जाण्याचा खर्च जवळपास शून्यावर आणला. ड्रॅगनने वाट बघण्याचा खर्च जवळपास शून्यावर आणला. दोघांच्या शरीरातल्या बहुतेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा या एका फरकातून होतो.

आधी नातं

नावात ड्रॅगन असला तरी हा प्राणी घोरपडच आहे, घोरपडींच्या प्रजातीतला सर्वांत मोठा. शास्त्रीय नाव व्हॅरानस कोमोडोएन्सिस. ते १९१२ साली पीटर ऑवेन्स यांनी दिलं. जावा बेटावरच्या प्राणिसंग्रहालयाचे, म्हणजे जतन केलेले नमुने ठेवणाऱ्या म्युझियमचे, ते संचालक होते. भटक्या अल्बाट्रॉसचं नाव डायोमिडिया एक्झुलान्स, आणि ते सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच देऊन ठेवलं होतं. दोन नावांमध्ये दीडशे वर्षांचं अंतर आहे, ते उगीच नाही. अल्बाट्रॉस जहाजांच्या मागेमागे येतो, त्यामुळे दर्यावर्दी लोकांना तो केव्हापासून माहीत होता. ड्रॅगन आपलं बेट सोडून कुठे जातच नाही. त्याला बघायचं तर माणसानेच तिथे जायला हवं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नात्याचं कोडं. आपण सरडा, घोरपड, साप, मगर या सगळ्यांना 'सरपटणारे प्राणी' म्हणून एका टोपलीत टाकतो आणि पक्ष्यांची टोपली वेगळी ठेवतो. वंशवृक्ष ही वाटणी मान्य करत नाही. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी एका शाखेची दोन बाजूंना फूट पडली. एका बाजूला पुढे सरडे, घोरपडी आणि साप झाले. दुसऱ्या बाजूला मगरी आणि डायनोसॉर झाले, आणि डायनोसॉरच्या एका फांदीला पक्षी लागले. म्हणजे मगर दिसते घोरपडीसारखी, पण रक्ताच्या नात्याने ती अल्बाट्रॉसला जवळची आहे. चेहरेपट्टी बघून नातं ठरवलं की फसायला होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

त्या जुन्या समान पूर्वजाकडून दोघांना काही वस्तू वारशाने मिळाल्या आहेत. अंड्याच्या आत पाण्याची पिशवी घेऊन वाढणारा गर्भ हा त्यातला मोठा ठेवा. त्यामुळे अंडं पाण्याबाहेर कोरड्या जमिनीवर घालता येतं. शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा पातळ लघवीऐवजी पांढऱ्या, पेस्टसारख्या यूरिक आम्लाच्या रूपात टाकणं, ही दोघांतली आणखी एक सारखी सवय. पाणी वाचवायला ती फार कामाची, कारण एकाला प्यायला फक्त खारं पाणी आहे आणि दुसऱ्याच्या बेटावर कितीतरी महिने पाऊस पडत नाही. अल्बाट्रॉसकडे याखेरीज डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं जादा मीठ त्या गाळून काढतात आणि ते दाट खारट थेंबांच्या रूपात चोचीच्या टोकाकडून गळत राहतं.

शरीराची शेगडी

'थंड रक्ताचा प्राणी' हा शब्दप्रयोग सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. भर दुपारी शिकारीला निघालेल्या ड्रॅगनच्या शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा जेमतेम दोन अंशांनी कमी. अल्बाट्रॉसचं ३९ च्या आसपास. फरक रक्त थंड की गरम यात नसून ऊब येते कुठून, यात आहे. अल्बाट्रॉसच्या शरीरात शेगडी अहोरात्र पेटलेली असते आणि तिला इंधन म्हणून अन्न लागतं, झोपेतही. ड्रॅगन सकाळी उन्हात पडून ऊब उसनी घेतो, तापला की कामाला लागतो, फार तापला की सावलीत जातो, रात्री बिळात शिरतो.

या एका फरकाचा हिशेब मोठा होतो. आत शेगडी पेटती ठेवणाऱ्या सारख्या वजनाच्या प्राण्याच्या तुलनेत अशा सरपटणाऱ्या प्राण्याला साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी ऊर्जा पुरते. म्हणून ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस गिळून नंतर आठवडेच्या आठवडे काही न खाता राहू शकतो. वर्षाकाठी डझनभर मोठ्या जेवणांवर त्याचं भागतं. अल्बाट्रॉसला असं उपाशी पडून राहणं परवडत नाही. अंड्यावर बसलेला पक्षी काही आठवडे साठवलेल्या चरबीवर काढतो खरा, पण त्याचा जोडीदार तोपर्यंत समुद्रावर अन्न गोळा करत असतो. शेगडी विझू द्यायची नाही तर सतत कमावलं पाहिजे, आणि कमाई हजारो किलोमीटरवर विखुरलेली. मग प्रवासच फुकटात पडेल अशी काही युक्ती लागणार.

वाऱ्याची कमाई

ती युक्ती समजून घ्यायला जरा सावकाश जाऊ, कारण ती खरोखर सुंदर आहे.

पक्ष्याला हवेत धरून ठेवतो तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग. जमिनीच्या किंवा पाण्याच्या तुलनेत तो किती वेगाने चाललाय याला इथे महत्त्व नाही, हवेच्या तुलनेत किती, ते महत्त्वाचं. आता समुद्रावरच्या वाऱ्याकडे बघा. पाण्याला घासून जाणारा वारा लाटांमुळे मंदावतो. वर दहा-पंधरा मीटरवर तोच वारा मोकळा, जोरात वाहत असतो. म्हणजे समुद्रावर हवेचे थर आहेत आणि प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा वेगवान आहे.

अल्बाट्रॉस लाटांच्या अगदी जवळून वळतो आणि वाऱ्याच्या समोर तोंड करून वर चढतो. एरवी चढताना वेग कमी होतो, कारण उंची मिळवायला वेग खर्ची पडतो. पण इथे तो जसा वर जातो तसतसा समोरून येणारा वारा वाढत जातो, त्यामुळे पंखांवरून वाहणारी हवा मंदावत नाही. वर पोहोचला की तो वळसा घेतो आणि वाऱ्याला पाठीवर घेऊन खाली झेपावतो. आता उलटा खेळ. वरच्या थरात तो जोरदार वाऱ्याबरोबर वाहून आलेला असतो, तो तसाच खालच्या मंद हवेत घुसतो. आजूबाजूची हवा हळू, हा वेगात. पुन्हा पंखांना जादा वेग मिळाला. त्या वेगावर लाटांजवळ वळायचं आणि पुन्हा वर. दर फेरीत वाऱ्यातल्या फरकातून थोडी ऊर्जा मिळते आणि ती उडण्यात गेलेल्या ऊर्जेची भरपाई करते. पंख हलवायची गरज जवळजवळ पडत नाही. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १८८३ मध्येच या उड्डाणाचं तत्त्व मांडलं होतं. विमानं तेव्हा बनायची होती.

एवढे लांब पंख तासन्‌तास ताणून धरायलाही स्नायूंची ताकद लागली असती. त्यावरही उपाय आहे. खांद्यात एक कंडरा असते, ती पसरलेला पंख खुंटी लावल्यासारखा जागेवर अडकवून ठेवते. संशोधकांनी उडत्या अल्बाट्रॉसच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते घरट्यात शांत बसलेल्या पक्ष्याच्या ठोक्यांच्या जवळपास निघाले. ठोके खरे वाढले ते पाण्यावरून उड्डाण घेताना आणि उतरताना. मी ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा विश्वास बसेना. आपल्या लेखी उडणं म्हणजे कष्ट आणि बसणं म्हणजे विश्रांती. या पक्ष्याचं गणितच निराळं.

म्हणूनच त्याचे आकडे असे येतात. १९८९ साली दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या भटक्या अल्बाट्रॉसवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं लावली गेली. अंड्यावरची पाळी जोडीदारावर सोपवून अन्नासाठी निघालेले हे पक्षी एकेका फेरीत ३,६०० ते १५,००० किलोमीटर फिरून आले. काही पक्षी वर्षभरात १,२०,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापतात आणि अंटार्क्टिकाभोवती दोन-तीन प्रदक्षिणा घालतात. या सगळ्याची अट एकच : वारा हवा. वारा पडला की अल्बाट्रॉस पाण्यावर बसून राहतो. इतक्या लांबलचक पंखांनी फडफडत उडणं त्याला फार महागात पडतं.

वाट बघणारी शिकार

ड्रॅगन पळू शकतो, थोडं अंतर ताशी २० किलोमीटरच्या वेगानेही. पण तो पाठलागावर जगत नाही. हरणं आणि रानडुकरं ज्या वाटेने जातात त्या वाटेच्या कडेला तो झुडपात निपचित पडून राहतो. तासन्‌तास पडून राहण्यात त्याचा खर्च नगण्य असतो, हे वर आलंच. सावज टप्प्यात आलं की एक झेप, एक चावा, आणि मागे ओढ. त्याचे दात मागे वळलेले, चपटे आणि कडेला करवतीसारखे दातेरी असतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दातांच्या टोकांवर आणि दातेरी कडांवर लोहाचा नारिंगी थर असल्याचं दिसलं. धार टिकवण्यासाठी निसर्गाने दिलेला हा लोखंडी मुलामाच.

चाव्यानंतर काय होतं, याबद्दलची समजूत दोनदा बदलली आहे आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. वॉल्टर ऑफेनबर्ग हे प्राणिशास्त्रज्ञ १९६९-७० च्या सुमारास कुटुंबासह कोमोडो बेटावर जवळजवळ वर्षभर राहिले. ड्रॅगनबद्दलची आपली पायाभूत माहिती त्यांच्या त्या निरीक्षणातून आली आहे. चावलेली सावजं, विशेषतः म्हशी, काही दिवसांनी मरतात हे दिसल्यावर कल्पना रूढ झाली की ड्रॅगनच्या तोंडात सडक्या मांसावरचे घातक जिवाणू असतात आणि ते जखमेत जाऊन काम करतात. कितीतरी वर्षं माहितीपटांतून हेच सांगितलं गेलं. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ड्रॅगनच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी आहेत. त्यातलं विष रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब खाली आणतं. २०१३ मध्ये तोंडातल्या जिवाणूंची तपासणी झाली, तर ते इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात असतात तसेच निघाले.

मग म्हशी का मरत होत्या? म्हशी मुळात त्या बेटांवर माणसाने आणल्या. इतका मोठा प्राणी ड्रॅगनच्या चाव्याने जागीच पडत नाही. जखमी म्हैस सवयीने साचलेल्या, घाण पाण्यात जाऊन बसते आणि जखम तिथे चिघळते. जिवाणू होतेच, फक्त ते ड्रॅगनच्या तोंडातून आलेले नव्हते. खोल, फाटलेली जखम आणि विष यांतला वाटा नेमका किती कोणाचा, यावर तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहेत. मला वाटतं, हरणाएवढ्या सावजाला त्या दातांची जखमच पुष्कळ होत असावी.

एक सुधारणा ड्रॅगनच्या आकाराबद्दलही करायला हवी. बेटावर प्रतिस्पर्धी नसल्याने साधी घोरपड वाढत वाढत एवढी मोठी झाली, असं पूर्वी मानलं जाई. पण ऑस्ट्रेलियात या प्रजातीचे सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आणि ते आजच्या ड्रॅगनएवढेच मोठे आहेत. म्हणजे तो आधीपासूनच मोठा होता. बाकी सगळीकडून तो संपला आणि या बेटांवर तेवढा उरला.

वास

इथे दोघांचे रस्ते पुन्हा जवळ येतात. अल्बाट्रॉसच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना नळीसारख्या नाकपुड्या असतात आणि त्याची वासाची ताकद पक्ष्यांत फार वरच्या दर्जाची आहे. समुद्रात मरून तरंगणाऱ्या माखल्यांचा वास वाऱ्यावर येतो. तो वाऱ्याला आडवा उडत राहतो, वासाची पट्टी लागली की नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या उगमाकडे सरकतो. उपग्रहावरून टिपलेल्या मार्गांवरून तो २० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून असा वास पकडत असावा, असा अंदाज आहे.

ड्रॅगन वास घेतो जिभेने. दुभंगलेली पिवळसर जीभ बाहेर येते, हवेतले कण टिपते आणि टाळूतल्या एका खास अवयवाला नेऊन देते. जिभेला दोन टोकं असण्याचं कारण आपल्याला दोन कान असण्यासारखं आहे : कुठल्या बाजूला वास जास्त, ते कळतं. चालताना तो डोकं डावी-उजवीकडे झुलवत जातो, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर आणखी वाढतं. एक शरीराने नागमोडी जातो, दुसरा डोक्याने, आणि दोघंही वासाची कड शोधत असतात. मेलेल्या हरणाचा वास ड्रॅगनला काही किलोमीटरवरून लागतो.

खाल्ल्यानंतरचंही एक साम्य आहे, जरा किळसवाणं पण बोलकं. ड्रॅगन सावज शिंगं, केस, खुरांसकट गिळतो आणि न पचलेलं सगळं नंतर गोळ्याच्या रूपात ओकतो. अल्बाट्रॉसची पिल्लंही पहिल्या उड्डाणाआधी माखलीच्या न पचणाऱ्या चोचींचा गोळा ओकून टाकतात. उत्तर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या पिल्लांच्या गोळ्यांत आता प्लॅस्टिकचे तुकडे निघतात. आईबापांनी ते समुद्रावरून अन्न समजून आणलेले असतात.

फुप्फुसांबद्दल थोडक्यात. पक्ष्यांच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेने वाहते, आपल्यासारखी आत-बाहेर होत नाही. ही फक्त पक्ष्यांची खासियत समजली जाई. मग मगरींत तसंच सापडलं, आणि २०१३ मध्ये आफ्रिकेतल्या एका घोरपडीतही. २८ कोटी वर्षांच्या ताटातुटीनंतरही आतली काही रचना अशी जुळावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एक अंडं, वीस अंडी

भटक्या अल्बाट्रॉसची मादी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालते. ते उबवायला सुमारे ११ आठवडे लागतात, नर-मादी पाळीपाळीने बसतात. पिल्लू उडायला नऊ-दहा महिने घेतं, दक्षिणेचा अख्खा हिवाळा घरट्यात काढतं, आणि एका टप्प्यावर आईबापांपेक्षाही वजनदार होतं. या सगळ्यात वर्ष उलटतं, म्हणून पुढचं वर्ष विश्रांतीचं. पिल्लू स्वतः पहिलं अंडं घालेपर्यंत साधारण दहा वर्षं जातात. अशा संथ हिशेबाला दीर्घायुष्याची जोड लागतेच. पन्नाशी ओलांडणारे पक्षी यांच्यात असतात. जवळच्या नात्यातल्या लेसन अल्बाट्रॉसची 'विस्डम' नावाची मादी तर प्रसिद्धच आहे. पक्षीतज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९५६ मध्ये मिडवेवर तिच्या पायात कडं घातलं तेव्हा ती प्रौढ होती. २०२४ च्या अखेरीस, किमान ७४ वर्षांची असताना, तिने पुन्हा अंडं घातलं.

ड्रॅगनची मादी एका वेळी वीसेक अंडी घालते, पुष्कळदा जमिनीवर राहणाऱ्या मेगापोड पक्ष्यांनी रचलेल्या मातीच्या ढिगातच. सात-आठ महिन्यांनी पिल्लं फुटतात, प्रत्येकी १०० ग्रॅमच्या आत. आई काही काळ घरट्याची राखण करते, पण पिल्लं बाहेर आल्यावर त्यांचं त्यांनी बघायचं. त्यांचा मोठा धोका म्हणजे मोठे ड्रॅगन. म्हणून पिल्लं थेट झाडावर चढतात आणि पहिली काही वर्षं तिथेच किडे, पाली खात काढतात. फांदी पेलेल तोवरच हा आसरा असतो.

आणि मग ती गोष्ट, जिने २००६ मध्ये जगभर खळबळ उडवली. लंडन आणि चेस्टर इथल्या प्राणिसंग्रहालयांतल्या दोन माद्यांनी नराविना पिल्लं वाढणारी अंडी दिली. चेस्टरची फ्लोरा तर नराच्या सहवासात कधी आलीच नव्हती. तपासणीत कळलं की अंड्यांत फक्त आईचीच जनुकं होती. लंडनची सुंगाई नंतर नराबरोबर राहिली आणि तिला नेहमीच्या रीतीनेही पिल्लं झाली. म्हणजे तिच्याजवळ दोन्ही वाटा खुल्या होत्या.

अशा पिल्लांत सगळे नरच का निघतात, हेही सोपं आहे. आपल्यात स्त्रीकडे एकसारखी दोन लिंगगुणसूत्रं असतात, ड्रॅगनमध्ये उलट : नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. एकट्या मादीच्या अंड्यात अर्धा संच असतो आणि तोच दुप्पट होतो. झेड दुप्पट झाला तर नर. डब्ल्यू दुप्पट झाला तर ते अंडं जगत नाही. पक्ष्यांतही गुणसूत्रांची हीच पद्धत आहे, जरी दोन्ही गटांत ती स्वतंत्रपणे आली असली तरी. एखादी मादी पोहत एकटीच नव्या बेटावर पोहोचली तर ती स्वतःच नर निर्माण करून वस्ती सुरू करू शकेल, असा एक तर्क मांडला जातो. अल्बाट्रॉसला ही सोय मिळाली असती तरी उपयोग नव्हता. पिल्लू वाढवायला समुद्र आणि घरटं यांच्यात ये-जा करणारे दोघं लागतात.

घराची ओढ

एकसारखाच प्रयोग या दोन्ही गटांवर झाला आहे, याचं मला विशेष वाटतं. प्राणी उचलायचा, लांब नेऊन सोडायचा, आणि तो परततो का ते बघायचं.

मिडवेवर १९५० च्या दशकात अल्बाट्रॉस आणि विमानं यांच्या टकरी होत होत्या. पक्षी दुसरीकडे हलवता येतील का, हे तपासायला १८ लेसन अल्बाट्रॉस विमानाने दूरदूर नेऊन सोडले. त्यातले १४ परतले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर सोडलेला एक पक्षी ५,००० किलोमीटरहून जास्त अंतर साधारण दहा दिवसांत कापून आला. फिलिपिन्समध्ये सोडलेला ६,६०० किलोमीटर उडत ३२ दिवसांनी आपल्या घरट्याशी हजर झाला.

ड्रॅगनवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ज्या दरीत जन्म झाला ती दरी सोडून ड्रॅगन फारसे जातच नाहीत, असं वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसलं. काही प्रौढांना त्याच बेटावर पंधरा-वीस किलोमीटर लांब सोडलं, तर ते काही महिन्यांत मूळ जागी परतले. पण ज्यांना अरुंद खाडीपलीकडच्या बेटावर सोडलं, ते परतले नाहीत. ड्रॅगनला पोहता येतं, अंतर दोन किलोमीटरच्या आतलं होतं, तरीही नाही.

म्हणजे घराची ओढ दोघांनाही सारखीच तीव्र. अल्बाट्रॉस अर्धं जग फिरतो, पण अंडं घालायला जिथे जन्मला त्याच बेटाकडे येतो. आणि दोघांवरचं संकट याच ओढीला लागून आलंय. संकटातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ड्रॅगन २०२१ मध्ये 'धोक्यात' या वर्गात गेला. समुद्राची पातळी वाढल्याने पुढच्या ४५ वर्षांत त्याचा राहण्यायोग्य प्रदेश किमान ३० टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे, आणि आपली दरी सोडून पलीकडे जाण्याची त्याची तयारी नाही. १९८० मध्ये स्थापन झालेलं कोमोडो राष्ट्रीय उद्यान त्याला शिकारीपासून वाचवतं, भरतीच्या पाण्यापासून नाही.

अल्बाट्रॉसला बेटावरही धोका आहे. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावर माणसांबरोबर आलेले घरातले उंदीर, जेमतेम २०-२५ ग्रॅमचे, घरट्यातल्या पिल्लांना जिवंतपणी कुरतडतात. पिल्लू प्रतिकार करत नाही, कारण जमिनीवरून कुणी चावू शकतं हे त्याच्या वंशाला कधी शिकावंच लागलं नाही. आणि समुद्रावर लांब दोरीची मासेमारी आहे. एका दोरीला हजारो गळ असतात, आमिष पाण्यात बुडण्याआधी पक्षी ते उचलायला जातो आणि गळाला अडकून खाली ओढला जातो. रात्री दोऱ्या सोडणं, त्यांना वजन बांधणं, मागे फडफडणाऱ्या पट्ट्या लावणं, एवढ्यावर हे मरण पुष्कळ टळतं. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या आसपास असे नियम कडकपणे पाळले गेले आणि तिथे मरणाऱ्या समुद्रपक्ष्यांची संख्या जवळपास शून्यावर आली. पण तिथला पक्षी थोडाच तिथे थांबतो. तो हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या जहाजांच्या मागेही जातो.

तरी अल्बाट्रॉसच्या घरओढीत एक फट आहे आणि जपानमधल्या संशोधकांनी ती ओळखली. आखूड शेपटीच्या अल्बाट्रॉसची बहुतेक वस्ती तोरिशिमा या जिवंत ज्वालामुखीवर आहे. एक मोठा उद्रेक झाला तर सगळं संपेल. प्रौढ पक्षी हलवून उपयोग नाही, हे मिडवेच्या प्रयोगाने दाखवून दिलं होतं. पण घर मनात पक्कं होतं ते पिल्लू उडायला निघतं त्या सुमारास. म्हणून २००८ ते २०१२ या काळात त्यांनी ७० लहान पिल्लं हेलिकॉप्टरने सुमारे ३५० किलोमीटरवरच्या मुकोजिमा बेटावर नेली. तिथे पक्ष्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या, आणि पिल्लांना महिनोन्‌महिने हाताने भरवलं. एक सोडून सगळी तिथून उडाली. काही वर्षांनी त्यातले कितीतरी पक्षी तोरिशिमाला न जाता मुकोजिमाला उतरू लागले, आणि २०१६ मध्ये त्यांच्यातल्या एकाचं पिल्लू त्या बेटावरून पहिल्यांदा समुद्राकडे उडालं.